येहूने काय शिल्लक ठेवले?

धर्मासाठी तलवार उपसणाऱ्यांच्या गोष्टी सांगताना वक्त्यांचा आवाज चढतो. मंच कुणाचाही असो, टोपी कुठल्याही रंगाची असो, हा अनुभव सारखाच आहे. अमुक राजाने किती मूर्ती फोडल्या, किती देवळे पाडली, किती पाखंडी संपवले याची मोजदाद होते आणि समोरचे लोक माना डोलावतात. मोजून झाले की त्या राजाला सुधारक म्हटले जाते. आमचा आक्षेप या मोजण्याच्या पद्धतीलाच आहे. सुधारकाने काय पाडले हे सगळेच विचारतात. त्याने काय पाडले नाही, हे कुणी विचारत नाही. आमच्या मते खरी परीक्षा तिथे आहे.

या परीक्षेसाठी आम्ही जवळचा कुणी राजा घेत नाही. जवळचा घेतला की वाचक लगेच बाजू घेऊन बसतो. आम्ही पावणेतीन हजार वर्षांहून जुना, बनी इस्राईलचा एक राजा घेतो. त्याचे नाव येहू. कुरआनात त्याचा उल्लेख नाही. त्याची हकीकत बायबलच्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, नवव्या आणि दहाव्या अध्यायात आहे. मराठी बायबलात ती कुणालाही वाचता येईल. नावेही आम्ही तिथलीच वापरतो.

हजरत सुलेमान (अ.स.) यांच्यानंतर राज्याचे दोन तुकडे झाले. दक्षिणेला यहूदा आणि उत्तरेला इस्राएल. उत्तरेच्या गादीवर इसवी सनापूर्वी नवव्या शतकात अम्रीचे घराणे होते. अम्रीचा मुलगा अहाब. त्याची राणी ईजबेल ही सीदोनच्या राजाची मुलगी. तिच्यासोबत बआल या देवाची पूजा दरबारात आली. बआल हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. सूरह साफ्फातमध्ये हजरत इल्यास (अ.स.) आपल्या कौमला याच बआलबद्दल जाब विचारतात. बायबलात ज्यांना एलीया म्हटले आहे, तेच हे हजरत इल्यास.

अहाबच्या घराण्याचे गुन्हे आम्ही झाकणार नाही. ईजबेलने नबींना ठार मारवले. शंभर जणांना गुहेत लपवून भाकरी-पाणी पुरवावे लागले, इतकी दहशत होती. सर्वांत काळा गुन्हा नाबोथाचा. इज्रेल गावात राजवाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. बापजाद्यांची जमीन आहे, विकणार नाही, असे नाबोथाने सांगितले. मग ईजबेलने राजाची मोहर लावून गावातल्या वडीलधाऱ्यांना पत्रे लिहिली: उपासाचा दिवस जाहीर करा, नाबोथाला लोकांसमोर बसवा, दोन भाडोत्री साक्षीदार उभे करा, त्याने देवाची आणि राजाची निंदा केली असे वदवून घ्या आणि दगडांनी मारा. तसेच झाले. धर्माचा कार्यक्रम, देवनिंदेचा आरोप आणि शेवटी जमीन ताब्यात. हा क्रम वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

येहू हा याच घराण्याच्या सैन्यात सरदार. रामोथ-गिलाद इथे अरामी सैन्याविरुद्ध छावणी पडली होती. अहाबचा मुलगा राजा यहोराम जखमी होऊन इज्रेलला उपचार घेत होता. हजरत अल्-यसअ (अ.स.), म्हणजे बायबलातले अलीशा, यांनी आपल्या एका शिष्याला तेलाची कुपी देऊन येहूकडे पाठवले. पुस्तकात त्यांचा निरोप एका वाक्याचा आहे: तेल ओत, तुला इस्राएलचा राजा केले आहे असे सांग, दार उघड आणि तिथून निघ. शिष्याने काय केले? तेल ओतले आणि लांबलचक भाषण दिले. अहाबचे सारे घराणे कापून काढ, एकही पुरुष ठेवू नको, ईजबेलला कुत्री खातील, हे सगळे त्या भाषणात आहे. हा शाप जुनाच होता, एलीयांच्या तोंडी तो आधी येऊन गेला होता, हेही खरे. पण त्या दिवशी उस्तादाने दिलेला निरोप एक आणि शागिर्दाने केलेली तकरीर दुसरी. मजहबी जोशाच्या इतिहासात असे शागिर्द पावलोपावली भेटतात.

पुढची हकीकत रक्ताने भरलेली आहे. येहूने रथ पळवत इज्रेल गाठले. सामोऱ्या आलेल्या यहोरामाच्या पाठीत बाण मारला आणि त्याचे प्रेत नाबोथाच्या शेतात फेकायला लावले. भेटीला आलेला यहूदाचा राजा अहज्या यालाही मारले. ईजबेलला खिडकीतून खाली ढकलवून घोड्यांखाली तुडवले आणि आत जाऊन जेवण केले. अहाबचे सत्तर मुलगे-नातू शोमरोनात होते. येहूने तिथल्या वडीलधाऱ्यांना पत्रे लिहिली. सत्तर मुंडकी टोपल्यांत भरून इज्रेलला आली आणि वेशीपाशी त्यांचे दोन ढीग लागले. सकाळी ढिगापाशी उभे राहून तो लोकांना म्हणाला की माझ्या धन्याला मी मारले हे कबूल, पण यांना कुणी मारले? जणू ती पत्रे त्याची नव्हतीच. वाटेत अहज्याचे बेचाळीस नातेवाईक भेटले. ते तर पाहुणे म्हणून निघाले होते. त्यांनाही एका विहिरीपाशी कापले.

मग त्याला यहोनादाब भेटला. हा रेखाबी पंथाचा पुढारी. पुढे या पंथाचे लोक दारू न पिणारे, तंबूत राहणारे, साधे लोक म्हणून ओळखले गेले. येहूने त्याला हात देऊन रथात घेतले आणि देवासाठी माझी आस्था किती आहे ते चलून पाहा, असे सांगितले. आस्था दाखवायला शेजारी एक दीनदार साक्षीदार हवा होता. सत्तेच्या रथात असा साक्षीदार बसला की रथ कुठे चालला हे विचारायला लोक कचरतात.

रथ बआलच्या मंदिराकडे चालला होता. येहूने दवंडी पिटवली की अहाबने बआलची सेवा थोडी केली, मी पुष्कळ करणार. मोठा उत्सव जाहीर केला. जो येणार नाही त्याला ठार मारू असेही सांगितले. देशभरातून भाविक आले, मंदिर या टोकापासून त्या टोकापर्यंत भरले. सर्वांना उत्सवाची वस्त्रे वाटली. आपल्या धर्माचा कुणी आत नाही ना, याची तपासणी झाली. बाहेर ऐंशी शिपाई उभे केले. होमबली झाल्यावर इशारा दिला. आत कुणी जिवंत राहिला नाही. स्तंभ जाळला, मंदिर पाडले आणि त्या जागेचे संडास केले.

आता वाचकांनी नाबोथाची गोष्ट आठवावी. ईजबेलने वडीलधाऱ्यांना पत्रे लिहिली होती, येहूनेही लिहिली. तिने खोटा उपास जाहीर केला, याने खोटा उत्सव. तिने धर्माच्या कार्यक्रमात बसवून एकाला मारले, याने धर्माच्या कार्यक्रमात बोलावून शेकडो मारले. खिडकीतून पडून मेलेल्या राणीची कारभाराची पद्धत दुसऱ्या दिवशी नव्या राजाच्या हातात होती. याला आम्ही सुधारणा म्हणायचे का?

बरे, इतके करून शिल्लक काय राहिले? पुस्तकच सांगते: बेथेल आणि दान इथली सोन्याची वासरे राहिली. येहूने त्यांना हात लावला नाही. वासराची पूजा म्हणजे काय, हे सामरीची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या आपल्या वाचकांना सांगायला नको. ही दोन वासरे राज्य फुटले तेव्हा यराबाम राजाने बसवली होती. कारण उघड राजकीय होते. लोक इबादतीसाठी दक्षिणेत यरुशलेमला जात राहिले तर त्यांचे मनही तिकडच्या राजाकडे वळेल, अशी त्याला भीती होती. म्हणून आपल्या हद्दीतच दोन ठाणी उघडली. ही ठाणी मोडली असती तर येहूची गादी डळमळली असती. बआल हा पाडलेल्या घराण्याचा देव होता, त्याला मारण्यात नफा होता. वासरे गादीची राखण करत होती, ती सुखरूप राहिली. इतकेच नव्हे, त्याच्या मुलाच्या काळातही अशेरा देवीची मूर्ती खुद्द शोमरोनात उभी होती, असे तेच पुस्तक नोंदवते. राजधानीतल्या बआलच्या मंदिराचे संडास झाले आणि राजधानीतली अशेरा उभीच राहिली.

इथे हजरत इब्राहीम (अ.स.) यांची आठवण होते. त्यांनीही मूर्ती फोडल्या आणि त्यांनीही एक शिल्लक ठेवली. सर्वांत मोठी. ती कशासाठी ठेवली? लोक विचारायला आले तर त्या मोठ्या मूर्तीलाच विचारा असे सांगता यावे, लोकांनी स्वतःशी विचार करावा, यासाठी. त्यांनी कुणा माणसाला ओरखडाही काढला नाही, उलट आगीत टाकले गेले ते स्वतः. एकाने मूर्ती शिल्लक ठेवली ती प्रश्न उभा करण्यासाठी, दुसऱ्याने ठेवली ती गादी टिकवण्यासाठी. दोघांना बुतशिकन हा एकच शब्द लावणाऱ्यांनी जरा थांबावे.

आमच्या या म्हणण्यावर दोन बाजूंनी हल्ला होईल, याची आम्हाला कल्पना आहे.

पहिली बाजू म्हणेल, हे तर देवाच्या हुकमाने झाले; पुस्तकातच येहूला शाबासकी आहे, चार पिढ्यांच्या राज्याचे वचन आहे. आहे, आम्ही नाकारत नाही. पण त्या शाबासकीच्या अलीकडे आणि पलीकडे वासरांची नोंद आहे आणि येहू मनापासून शरीअतीवर चालला नाही असा शेराही आहे. तेच पुस्तक थोडे मागे-पुढे वाचावे. सहाव्या अध्यायात अरामी शिपाई अलीशांच्या हाती सापडतात. राजा विचारतो, यांना मारू का? अलीशा म्हणतात, नको, यांना जेवू घाल आणि घरी पाठव. त्यानंतर अरामी टोळ्यांचे हल्ले थांबले, असे पुस्तक सांगते. चौदाव्या अध्यायात यहूदाचा राजा अमस्या आपल्या बापाच्या खुन्यांना देहदंड देतो, पण त्यांच्या मुलांना सोडतो, कारण बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला मारू नये असा हजरत मूसा (अ.स.) यांच्या शरीअतीचा कायदा होता. मग त्या सत्तर जणांना कोणता कायदा लावला होता?

त्याहून मोठी साक्ष होशेय नबीची आहे. येहूनंतर सुमारे नव्वद वर्षांनी, त्याच्याच वंशातला दुसरा यराबाम गादीवर असताना, होशेयने आपल्या मुलाचे नाव इज्रेल ठेवले. का? तर इज्रेलमध्ये सांडलेल्या रक्ताचा हिशेब येहूच्या घराण्याकडून घेतला जाणार, हे लोकांना रोज ऐकू यावे म्हणून. भाष्यकारांनी या वचनाचे वेगवेगळे अर्थ लावले आहेत, पण रक्त आणि येहूचे घराणे हे शब्द तिथून पुसता येत नाहीत. होशेय काही बआलचा वकील नव्हता. बआलविरुद्ध त्याच्याइतके कडक बोलणारे थोडेच. आणि तरीही त्याला त्या रक्ताचा अभिमान वाटला नाही. दुसऱ्या यराबामाचा मुलगा जखऱ्या सहा महिन्यांत लोकांसमोर मारला गेला आणि चार पिढ्यांचे वचन तिथे संपले.

दुसरी बाजू अगदी उलट बोलेल. ती म्हणेल, बघा, एकेश्वरवाद मुळातच रक्तपिपासू आहे. एकच देव खरा म्हटले की बाकीच्यांचे गळे कापणे आलेच. अलीकडच्या काळात यान आसमान या जर्मन इजिप्तविद्वानाने खरा धर्म आणि खोटा धर्म या भेदातून नव्या प्रकारची असहिष्णुता जन्मली अशी मांडणी केली आणि तिच्यावर पुष्कळ वाद झाला. हा प्रश्न गंभीर आहे, त्याला शिव्यांनी उत्तर देता येत नाही. पुराव्याने देता येते. १९९३ आणि १९९४ साली इस्राएलच्या उत्तरेला तेल दान इथे एका शिलालेखाचे तुकडे सापडले. म्हणजे जिथे येहूने वासरू राखले, त्याच दानमध्ये. लेख अरामी राजाचा आहे, बहुतेक अभ्यासकांच्या मते हजाएलचा. त्यात इस्राएलचा राजा आणि दाविदाच्या घराण्याचा राजा यांना आपण मारले असा दावा आहे. नावे तुटलेली आहेत, पण अनेक अभ्यासक ती यहोराम आणि अहज्या अशीच वाचतात. हे वाचन बरोबर असेल तर एकाच खुनाचे श्रेय घेणारे दोन जण झाले. आणि हा अरामी राजा कुणाच्या कृपेने जिंकला म्हणतो? हदाद देवाच्या. हदाद हे बआलचेच दुसरे नाव. म्हणजे तीच दोन प्रेते एकाने बआलच्या शत्रूला अर्पण केली आणि दुसऱ्याने खुद्द बआलला. अनेक देव मानणाऱ्यांचे हात स्वच्छ होते असे म्हणणाऱ्यांनी हा दगड वाचावा. देव एक की अनेक याने तलवार थांबत नाही. ती गादीच्या हिशेबाने चालते.

त्या हिशेबाचा शेवटही पाहून घेऊ. येहूने अठ्ठावीस वर्षे राज्य केले. यहूदाच्या राजाला मारल्याने दक्षिणेचा मित्र गेला, ईजबेलला मारल्याने फिनिशियाचा. हजाएलने यार्देन नदीच्या पूर्वेचा सारा मुलूख हिसकावला. मुलाच्या वेळेला सैन्यात पन्नास घोडेस्वार, दहा रथ आणि दहा हजार पायदळ उरले होते. आणि खुद्द येहू? इराकमधल्या निमरूद इथे १८४६ साली लेयार्ड या इंग्रज उत्खननकाराला एक काळा पाषाणस्तंभ मिळाला. तो आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर उभा आहे आणि त्याच्या पायाशी एक माणूस जमिनीला कपाळ टेकून आहे. तो येहू आहे किंवा त्याचा दूत. वर अश्शूरच्या देवांची चिन्हे कोरलेली आहेत. सोबत लिहिले आहे की हा अम्रीचा पुत्र येहू याचा नजराणा: चांदी, सोने, सोन्याची भांडी, कथील. साल इसवी सनापूर्वी ८४१, म्हणजे कत्तलीच्या लगतचेच. बायबल या नजराण्याबद्दल गप्प आहे. ज्याने बआलपुढे वाकणाऱ्यांना मारले, त्याच्या नावाने हा सजदा दगडावर कोरला गेला. आणि जे घराणे त्याने मुळासकट उपटले, त्याच घराण्याचा पुत्र म्हणून अश्शूरच्या कारकुनाने त्याची नोंद केली!

हा स्तंभ जिथे सापडला ते निमरूद २०१५ सालच्या मार्च-एप्रिलमध्ये बुलडोझर आणि सुरुंग लावून उद्ध्वस्त केले गेले. करणाऱ्यांनी स्वतःला इस्लामिक स्टेट असे नाव घेतले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सीरियातल्या पाल्मायरा इथली बआलशामीन आणि बेल या देवांची मंदिरे त्यांनी उडवली. त्या शहराच्या पुराणवस्तूंची चाळीस वर्षे राखण केलेल्या खालिद अल्-असद या ऐंशी ओलांडलेल्या विद्वानाचा त्यांनी शिरच्छेद केला. बेलच्या त्या मंदिरात बाराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मशीद होती. शेकडो वर्षे मुसलमान त्या खांबांमध्ये नमाज पढले आणि कुणाचा ईमान धोक्यात आला नाही. आता आमचा प्रश्न विचारून पाहा: त्यांनी काय फोडले नाही? खिशात मावणारे आणि बाजारात विकले जाणारे ते फोडले नाही. पुराणवस्तूंच्या चोरट्या व्यापारातून या टोळीला पैसा मिळतो म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेला फेब्रुवारी २०१५ मध्ये ठराव क्रमांक २१९९ करून सीरियातल्या पुराणवस्तूंच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालावी लागली. मोठ्या मूर्ती कॅमेऱ्यासमोर फुटत होत्या, छोट्या विकल्या जात होत्या. सोन्याची वासरे पुन्हा एकदा सुखरूप होती.

बआलशी झगडणाऱ्या नबीची आठवण कशी जपावी, हे आपल्याला दुसरीकडे पाहायला मिळते. कुरआनातले हजरत इल्यास आपल्या कौमला प्रश्न विचारतात, सर्वांत चांगल्या निर्माणकर्त्याला सोडून तुम्ही बआलला का पुकारता, असा. कौमने त्यांना खोटे ठरवले. त्यांचा हिशेब अल्लाहकडे सोपवला आहे आणि इल्यासवर सलाम पाठवून तो प्रसंग पूर्ण होतो. तिथे कत्तलीचा शब्द नाही. आणि आपल्या कोकणात, अलिबाग तालुक्यातल्या खंडाळ्याला, एका खडकावर हजरत इल्यासच्या रथाच्या खुणा आहेत असे मराठी बोलणारे बेने इस्राईल यहुदी मानतात. शुभकार्य असले, नवस फिटला की ते एलियाहू हन्नाबीच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करतात. मलिदा हा शब्दही आपल्या घरातलाच. आपल्याकडे तो फातिहासाठी होतो. पिढ्यान्पिढ्या तेल गाळणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या माणसांनी आपल्या आठवणीत कुणाला ठेवले ते पाहा. येहूच्या नावाने मलिदा होत नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. गोष्ट सांगून झाली की मुलांना प्रश्न विचारावा, हे बी.एड.च्या पहिल्या पाठ टाचणात शिकवतात. जोशिल्या तकरिरी करणाऱ्यांना मात्र हे कुणी शिकवलेले दिसत नाही. त्यांच्या गोष्टीला प्रश्न नसतो, फक्त नारा असतो. तेव्हा प्रश्न विचारायचे काम ऐकणाऱ्यांनी हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे. अमक्या सुधारकाने दर्गा बंद केला, ठीक. त्याने सावकारी बंद केली का? बायकांची गाणी बंद केली, ठीक. हुंडा बंद केला का? दुसऱ्याचे पाखंड शोधले, ठीक. आपल्या ताब्यातल्या जमिनीचा हिशेब दिला का? उत्तर मिळेपर्यंत त्याच्या रथात बसू नये.

आणि हिशेबाचे म्हणाल तर येहूकडेही एक बाकी आहे. यहोरामाचे प्रेत नाबोथाच्या शेतात टाकताना त्याने नाबोथाच्या आणि त्याच्या मुलांच्या रक्ताचा दाखला दिला होता. इतके मोठे नाव घेऊन त्याने बंड केले. मग गादीवर बसल्यावर अठ्ठावीस वर्षांत ते शेत नाबोथाच्या भाऊबंदांना परत मिळाले का? दोन्ही अध्याय शेवटच्या ओळीपर्यंत वाचून पाहा. मुंडकी किती, नातेवाईक किती, शिपाई किती, सगळे आकडे आहेत. शेत परत केल्याची नोंद कुठेच नाही.